सुपरहिरोचा सिनेमा कधी जमतो, कधी फसतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा सुपरहिरोपट लागला की सोमवारी डबा खाताना दोन तट पडतात. एकाला तो आवडलेला असतो, दुसरा "ह्याच्यापेक्षा जुना बरा होता" म्हणत असतो, आणि तिसरा मला विचारतो, कारण मी असले सिनेमे पहिल्या दिवशी पाहतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बऱ्याच सिनेमांचे शेवट खाली उघड केले आहेत. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी सिनेमे पाहून यावं.

सिनेमा "चालला" म्हणजे नेमकं काय? गल्ला भरपूर जमला तरी लोक नाराज कसे?

कारण पहिल्या तीन दिवसांचा गल्ला ट्रेलरचा आणि पोस्टरवरच्या नावाचा असतो. सिनेमा कसा आहे ते तोपर्यंत कुणाला माहीतच नसतं. खरा कौल दुसऱ्या शुक्रवारी लागतो.

२०१६ चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' घ्या. पहिल्या शनिवार-रविवारी एकट्या अमेरिकेत १६.६ कोटी डॉलर. पुढच्या आठवड्यात तोच आकडा ६९ टक्क्यांनी आपटला. पाहून आलेल्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल ते या घसरणीतून कळतं. जगभरात एकूण ८७ कोटी डॉलर जमले. ऐकायला डोंगराएवढा आकडा. पण तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे जातो, आणि निर्मितीवर पंचवीस कोटी डॉलरच्या घरात खर्च झालेला असतो, वर जाहिरात वेगळी. शिवाय या एका सिनेमावर स्टुडिओला पुढची अख्खी मालिका उभी करायची होती.

म्हणून "हिट की फ्लॉप" हा प्रश्न मी फारसा मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा कोण कोण गेलं, ते विचारतो.

तोच दिग्दर्शक, तोच नट, पैसाही भरपूर. मग एक सिनेमा अप्रतिम आणि पुढचा फसलेला, असं का होतं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. कारण अशा जोड्या लावून पाहिलं की बाकीच्या सबबी गळून पडतात. सॅम रेमीचा 'स्पायडर-मॅन २' २००४ चा, 'स्पायडर-मॅन ३' २००७ चा. दोन्हींत टोबी मॅग्वायर.

दुसऱ्या भागाची सुरुवात आठवा. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडर-मॅन, पिझ्झा पोचवणारा पोरगा आहे आणि २९ मिनिटांत पिझ्झा पोचवायचाय. वाटेत दोन मुलांना ट्रकखाली येण्यापासून वाचवतो, भिंती चढून जातो, पत्त्यावर पोचून झाडूच्या कपाटातून बाहेर पडायला जातो तर झाडू एकेक करून अंगावर पडतात. उशीर होतोच. नोकरी जाते. (त्याला काढून टाकणारा मालक झालेला आसिफ मांडवी मुंबईत जन्मलेला आहे, हे जाता जाता.) मग घरभाडं थकलेलं, कॉलेजात मास्तर वैतागलेले, मे काकूचं घर बँकेच्या घशात चाललेलं. लाँड्रीत पोशाख पांढऱ्या कपड्यांबरोबर टाकतो आणि सगळ्यांना लाल-निळा रंग लागतो. पार्टीत भुकेलेला उभा असताना खाण्याचा ट्रे समोर येईपर्यंत रिकामा होतो. जगाला वाचवणाऱ्या माणसाच्या हाताला एक चटकदार घास लागत नाही! सिनेमाचा पाऊण तास हेच चाललंय आणि आपण खुर्चीच्या कडेवर.

त्यामुळे पुढे तो पळती ट्रेन अंगावर झेलून थांबवतो तेव्हा त्याचे हात किती ताणले जातायत ते आपल्याला जाणवतं. तो बेशुद्ध पडतो, लोक त्याला हातांवरून डब्यात आत घेतात, मुखवटा नाहीये, आणि एक जण म्हणतो की हा तर पोर आहे, माझ्या मुलाएवढा. दोन लहान मुलं मुखवटा परत आणून देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. मारामारीचा प्रसंग आहे, पण लक्षात राहतो तो अनोळखी प्रवाशांचा हात. दादर स्टेशनावर धक्के खाल्लेल्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता तिसरा भाग. त्यातही एक प्रसंग असा आहे की मी त्यासाठी अख्खा सिनेमा माफ करायला तयार होतो. सँडमॅन या वाळूच्या खलनायकाचा जन्म. वाळूचा ढीग हळूहळू माणूस व्हायला बघतो, उभा राहतो, कोसळतो. समोर मुलीचा फोटो असलेलं लॉकेट पडलेलं. वाळूचा हात ते उचलायला जातो आणि बोटं विरघळतात. पुन्हा प्रयत्न. एक शब्द नाही. एवढा ऐवज हाताशी असताना सिनेमाने काय केलं? त्यात काळा परग्रही पोशाख आणला, वडिलांच्या मृत्यूचा राग पीटरवर धरून बसलेल्या त्याच्या मित्राची, हॅरीची, स्मृती घालवली आणि परत आणली, ग्वेन आणली, एडी ब्रॉक आणला, त्याचा व्हेनम नावाचा खलनायक केला. बेन काकाच्या खुनाची गोष्ट उकरून सँडमॅनच्या गळ्यात बांधली. शेवटी हॅरीचा राग उतरवायला वेळच उरला नाही, तेव्हा घरातला म्हातारा बटलर येऊन सांगतो की तुमच्या वडिलांच्या जखमा मी पाहिल्या होत्या, खरं काय ते मला आधीपासून माहीत होतं. अहो मग दोन सिनेमे गप्प का बसलात?

व्हेनम रेमीला नको होता. निर्माता आवी अराड मागे लागला, कारण फॅन्सना व्हेनम हवा होता. पात्रांवर स्वतःचाच विश्वास बसला नाही की सिनेमा जमत नाही, अशा अर्थाची कबुली रेमीने पुढे मोकळेपणी दिली. आणि गंमत म्हणजे तिसऱ्याने दुसऱ्यापेक्षा जास्त कमावलं, सुमारे ८९ कोटी डॉलर विरुद्ध ७९. चौथा भाग मात्र रेमीच्या हातून झालाच नाही.

म्हणजे खलनायक एकच असावा?

नाही. 'द डार्क नाइट'मध्ये जोकर आहे आणि टू-फेसही आहे. पण टू-फेस जोकरने घडवलेला आहे. एकाच्या करणीचं फळ दुसरा. वेगवेगळ्या दारांनी आत येऊन रांगेत उभे राहणारे तीन जण, हा त्रास वेगळा.

कॉमिक्सशी इमान राखलं नाही म्हणून फॅन चिडतात ना?

चिडतात, पण बऱ्याचदा चुकीच्या वेळी. १९८९ च्या 'बॅटमॅन'साठी मायकेल कीटनला घेतलं तेव्हा विनोदी नट बॅटमॅन कसा होणार म्हणून वॉर्नर ब्रदर्सकडे हजारो निषेधपत्रं गेली. सिनेमा आला आणि पत्रं लिहिणारेच रांगेत उभे राहिले. हीथ लेजरचं नाव जोकरसाठी जाहीर झालं तेव्हाही तेच. त्याच भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं.

माझं निरीक्षण असं की पोशाखाचा रंग, केसांचा रंग, उंची, असल्या गोष्टी लोक पंधरा मिनिटांत विसरतात. स्वभावाला हात लावला की विसरत नाहीत. २००९ मध्ये वुल्व्हरिनच्या सिनेमात डेडपूल आणला. या पात्राची सगळी ओळख त्याच्या बोलबच्चनगिरीत. तर शेवटी त्याचं तोंडच शिवून टाकलं! नट तोच, रायन रेनल्ड्स. त्याच नटाने २०१६ मध्ये तोंड उघडलेला डेडपूल केला, फक्त ५.८ कोटी डॉलरमध्ये, आणि सिनेमाने ७८ कोटींच्या वर कमावले. जोडी लावून बघायची तर हीसुद्धा आहे.

'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन खलनायक झॉडची मान मोडतो त्यावर अजून भांडणं होतात. मला स्वतःला मान मोडण्यापेक्षा त्याआधी शहर जमीनदोस्त होताना त्याने खाली एकदाही नीट वाकून न पाहणं जास्त खटकलं. मतभेद असू शकतात. आमच्या घरातच आहेत.

रीशूट झालं म्हणजे सिनेमा गेला, असं समजायचं का?

अजिबात नाही. मोठ्या सिनेमांत थोडंफार पुन्हा चित्रीकरण ठरलेलंच असतं, तारखाही आधीच धरून ठेवतात. जोडाजोड करताना एखाद्या प्रसंगाचा सांधा निखळलेला दिसतो, तो भरून काढायचा असतो. गडबड होते ती रीशूटमध्ये सिनेमाचा सूरच बदलायला घेतला की.

'जस्टिस लीग' हे त्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण. मे २०१७ मध्ये त्याचा दिग्दर्शक झॅक स्नायडर मुलीच्या मृत्यूनंतर बाजूला झाला. जॉस व्हेडनने सूत्रं घेतली, लांबी दोन तासांत बसवायची होती, विनोद वाढवायचा होता. तोवर सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने टॉम क्रूझच्या 'मिशन : इम्पॉसिबल'च्या नव्या भागासाठी मिशी वाढवली होती, आणि त्या सिनेमाच्या स्टुडिओने ती काढू द्यायला नकार दिला. मग सुपरमॅनच्या ओठावरची मिशी संगणकावर पुसली. सिनेमा अक्षरशः त्याच चेहऱ्यावर सुरू होतो. एक मुलगा मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतोय आणि आपण थिएटरात बसून त्याच्या वरच्या ओठाकडे बघतोय, की हे असं रबरासारखं काय हलतंय! माझ्या शेजारच्या काकांना मिशीचं प्रकरण माहीत नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "ह्याला काय झालंय?"

फॅन्सनी तीन वर्षं लावून धरल्यावर मार्च २०२१ मध्ये स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली. दोन्ही लागोपाठ पाहा, वेळ असेल तर. गोष्ट तीच, नट तेच. पण २०१७ च्या सिनेमात सायबॉर्ग हा अर्धा यंत्र झालेला नायक नावापुरता होता, तो इथे मध्यभागी आहे: आईचा अपघात, वडिलांवरचा राग, नको असलेलं यंत्राचं शरीर. त्यामुळे शेवटी तो जे करतो त्याला वजन येतं. चार तास जास्तच आहेत, मंद गतीच्या शॉट्सनी मलाही पेंग आली. तरी ती एका माणसाची आवृत्ती आहे, आणि पहिली कुठल्याशा मीटिंगमध्ये मंजूर झालेली वाटते.

मग फॅन्सचं ऐकावं की नाही?

वर दोन्ही आलं. व्हेनम फॅन्सनी मागितला म्हणून आला आणि सिनेमा बिघडला. स्नायडरची आवृत्ती फॅन्सनी मागितली आणि बरं झालं. २०२२ मध्ये 'मॉर्बियस'ची टर उडवणारी मीम्स इतकी पसरली की सिनेमा पुन्हा हजारभर थिएटरांत लावला. तो दुसऱ्यांदा पडला. मीम फॉरवर्ड करणारा तिकीट काढेलच असं नसतं, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

'नो वे होम' मात्र बघण्यासारखा अपवाद. तीन स्पायडर-मॅन एका पडद्यावर, म्हणजे फॅन्सचं स्वप्नच. आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ ला लागला, अमेरिकेच्या एक दिवस आधी, आणि जुने दोघे येतात तेव्हा थिएटरात एक संवाद ऐकू आला नाही. पण शिट्ट्या बाजूला ठेवल्या तर खाली गोष्ट कसली आहे? मे काकू मरते, आणि शेवटी सगळं जग पीटरला विसरतं. तो कॉफीच्या दुकानात प्रेयसी एमजेसमोर उभा राहतो, सांगायचं ठरवून आलेला, आणि न सांगता निघून जातो. फॅन्सना हवं ते सगळं दिलं आणि पीटरकडून सगळं काढून घेतलं.

एवढा पैसा ओतूनही व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर केलेली दृश्यं, भिकार का दिसतात?

बहुतेक वेळा पैशापेक्षा वेळ कमी पडतो. शेवट काय हे ठरलेलंच नसतं, प्रदर्शनाची तारीख मात्र दोन वर्षं आधी जाहीर झालेली असते. मग अखेरच्या महिन्यांत शॉट बदलत राहतात आणि संगणकापुढे बसलेली माणसं रात्री काढतात. मार्व्हल या सुपरहिरोपटांच्या स्टुडिओतल्या व्हीएफएक्स कामगारांनी २०२३ मध्ये युनियनच्या बाजूने मतदान केलं ते उगाच नाही.

पैसा कमी पडल्यावर काय होतं तेही पाहून घ्या. १९७८ चा 'सुपरमॅन' तारा, क्रेन आणि प्रोजेक्शनच्या करामतींवर उडाला. माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल, अशी त्याची जाहिरातच होती, आणि बसतोही. त्यातलं अर्धं काम ख्रिस्तोफर रीव्हच्या पाठीच्या कण्याचं आहे: साध्या माणसाच्या वेषातला क्लार्क म्हणून तो पोक काढतो, सुपरमॅन म्हणून ताठ होतो. १९८७ च्या चौथ्या भागात रीव्ह तसाच ताठ उभा आहे, पण निर्मात्यांनी बजेट जवळपास निम्म्यावर आणलं होतं. एकच उडण्याचा शॉट परत परत वापरलाय आणि न्यूयॉर्कचं संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय म्हणून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं रेल्वे स्टेशन दाखवलंय.

याउलट २०१८ चा 'इनटू द स्पायडर-व्हर्स'. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असतात. यातला नवा स्पायडर-मॅन माइल्स नवखा आहे म्हणून त्याची हालचाल दर दोन फ्रेमला एकदाच बदलते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि शेजारी झोके घेणाऱ्या मुरलेल्या पीटरची २४. एकाच चौकटीत एक अडखळतोय आणि एक लोण्यासारखा जातोय. का ते आपल्याला कळत नाही, पण पोरगा अजून शिकतोय हे डोळ्यांना पटतं. तंत्र गोष्टीच्या कामाला जुंपणं म्हणतात ते हे. त्या वर्षीचं अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर त्यालाच मिळालं.

लोक सुपरहिरोंना कंटाळलेत का?

गृहपाठाला कंटाळलेत. 'कॅप्टन मार्व्हल'ने २०१९ मध्ये सुमारे ११३ कोटी डॉलर मिळवले. तिचाच पुढचा भाग 'द मार्व्हल्स' २०२३ मध्ये २०.६ कोटींच्या आसपास थांबला. मधे काय झालं? २००८ ते 'एंडगेम'पर्यंत मार्व्हलचे २२ सिनेमे आले, म्हणजे वर्षाला दोन, फार तर तीन. नंतर २०२१ या एका वर्षात चार सिनेमे आणि पाच मालिका. 'द मार्व्हल्स'मधल्या तीन नायिकांपैकी दोघी कोण हे समजायला दोन मालिका पाहिलेल्या असाव्या लागतात. आमच्या वहिनींनी मध्यंतरात विचारलं, "ही मधली कोण?" मी दहा मिनिटं सांगत होतो. पॉपकॉर्न संपले, उत्तर संपलं नाही.

आणि पुढच्याच वर्षी 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने १३० कोटींच्या वर कमावले. कंटाळलेले लोक असे येत नाहीत.

'जोकर'चा दुसरा भाग इतका का आपटला?

पहिल्याने १०० कोटी डॉलर ओलांडले होते. दुसऱ्यात गाणी आहेत, कोर्ट आहे, आणि पहिला सिनेमा ज्यांना आवडला त्यांना त्याबद्दल दिलेला दम आहे. पैसे देऊन कुणी ओरडा खायला जात नाही. अमेरिकेत पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून सिनेमाला श्रेणी घेतात. याला 'डी', म्हणजे अगदी खालची, मिळाली. गंमत अशी की दिग्दर्शकाने स्टुडिओची भीड न ठेवता हवं तेच केलं होतं. म्हणजे "दिग्दर्शकाला मोकळीक द्या, सगळं ठीक होईल" हा माझा सिद्धांतही इथे लंगडा पडतो.

आपल्याकडे असा सिनेमा का होत नाही? मराठीत तरी?

झालाय की. श्रेयस तळपदेला घेऊन निखिल महाजनने २०१५ मध्ये 'बाजी' केला. प्रयत्न धाडसाचा होता, पुढे मालिका उभी राहिली नाही. आपण हॉलिवूडशी बरोबरी करायला जातो ती नेमकी पैशाच्या बाबतीत, जिथे ती होणं शक्य नाही.

मल्याळम 'मिन्नल मुरली' पाहा, २०२१ चा. गावातला शिंपी आणि चहाच्या टपरीवर काम करणारा शिबू, दोघांवर एकाच रात्री वीज पडते. दोघांना सारखीच शक्ती मिळते. शिंप्याला अमेरिकेला जायचंय. शिबूला लहानपणापासून जिच्यावर प्रेम केलं ती उषा हवी आहे, आणि गाव त्याला वेडा ठरवून मोकळं झालंय. तो खलनायक होतो तेव्हा मला राग आलाच नाही, पोटात तुटलं. हे लिहायला बजेट लागत नाही.

मराठीशी थेट नातं म्हणायचं तर २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'चं. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं 'मुंबॅटन' आहे, तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर "चाय टी" म्हणणाऱ्याची हजेरी घेतो, आणि भारतात तो दहा भाषांत लागला, मराठीसकट. पवित्र जेमतेम काही मिनिटं आहे, पण गर्दी, वाहतूक आणि त्याचा आगाऊपणा, सगळं ओळखीचं.

आपल्या थिएटरात हे सिनेमे तुटक का वाटतात?

मध्यंतर! हॉलिवूडवाले मध्यंतर धरून लिहीत नाहीत, आपल्याकडे समोशांसाठी ते हवंच. एकदा एका मल्टिप्लेक्समध्ये पात्राचं वाक्य अर्ध्यात असताना पडदा पांढरा झाला आणि परत आल्यावर वाक्याचा दुसरा अर्धा भागही गेलेला होता. शिवाय सेन्सॉर. २०२५ च्या 'सुपरमॅन'मधलं जवळपास अर्ध्या मिनिटाचं चुंबन आपल्याकडे कापलं, त्यामुळे प्रसंग उडी मारून पुढे जातो. असल्या उडीचा दोष दिग्दर्शकाला देऊ नका.

श्रेयनामावली संपेपर्यंत बसायलाच हवं का?

पुढच्या सिनेमाची जाहिरात असेल तर माझ्या मते नाही. पण मी बसतो, दिवे लावून झाडूवाले आत आले तरी. एक तर व्हीएफएक्सचं बरंच काम मुंबई, चेन्नई, हैदराबादकडे होतं आणि त्या लांबलचक यादीत मराठी आडनावं सापडली की बरं वाटतं.

दुसरं म्हणजे कधीकधी शेवटी शावर्मा मिळतो. २०१२ च्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये न्यूयॉर्क वाचवून दमलेले सगळे एका मोडक्या दुकानात गुपचूप शावर्मा खात बसलेत, बस. एवढाच प्रसंग. तो अगदी आयत्या वेळी चित्रित झाला, तोवर ख्रिस एव्हान्सने दुसऱ्या सिनेमासाठी दाढी वाढवली होती. दिग्दर्शक तोच, पुढे 'जस्टिस लीग'च्या मिशीत अडकलेला जॉस व्हेडन. इथे त्यांनी एव्हान्सच्या जबड्यावर नकली कातडी चढवली आणि त्याला गालावर हात ठेवून बसायला सांगितलं. नीट बघा, कॅप्टन अमेरिका त्या प्रसंगात काहीच खात नाही.